पूलवाला नसलेला रेल्वेपूल

रेल्वेच्या फाटकापाशी तुम्ही कधी ना कधी थांबला असालच. घंटा वाजते, लाल-पांढरा दांडा खाली येतो, सायकली आणि मोटारी थांबतात, गाडी धडधडत निघून जाते आणि दांडा पुन्हा वर होतो. आता अशी कल्पना करा, की लोहमार्गाला छेदून जाणारा रस्ता डांबराचा नसून पाण्याचा आहे. त्यावरून सायकलींऐवजी उंच डोलकाठ्यांच्या शिडाच्या बोटी, मासेमारीच्या होड्या आणि मालवाहू तराफे ये-जा करतात. रेल्वेचा पूल पाण्यापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच आहे. अशा ठिकाणी फाटक कशाचे करायचे?

उत्तर असे, की पूल हाच फाटक! गाडी यायची असेल तेव्हा पूल खाली टेकवायचा आणि बोटींना अडवायचे. गाडी गेली की पूल उचलायचा किंवा बाजूला फिरवायचा आणि बोटींना वाट द्यायची. असे पूल शंभराहून अधिक वर्षे वापरात आहेत. पूर्वी पुलावर किंवा पुलाशेजारच्या लहानशा खोलीत एक माणूस रात्रंदिवस बसलेला असे. त्याला आपण ‘पूलवाला’ म्हणू. पुढे पुष्कळ ठिकाणी ही खोली रिकामी झाली. पूल दूरच्या नियंत्रण कक्षातून, कधी इंजिनातील रेडिओवरून, तर कधी गाडीच्या चाहुलीने आपोआप चालू लागला.

पूलवाला गेला, पण त्याची कामे गेली नाहीत. ती कोणीतरी करायलाच हवीत. ती कोणाकडे गेली आणि कितपत नीट पार पडली, हे आज आपण पाहू.

पूल उंचच का बांधत नाहीत?

तुमच्या मनात पहिली शंका हीच आली असेल. बोटी खालून सहज जातील एवढा उंच पूल बांधला, की उघडमीट करण्याची कटकटच नको!

अडचण आहे ती रेल्वेच्या चाकांची. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. पण याच गुणामुळे गाडीला चढ सोसत नाही. १०० मीटर अंतरात १ मीटर हा चढदेखील मालगाडीला जड जातो. पूल २० मीटर उंच करायचा, तर १०० मीटरला १ मीटर या हिशेबाने दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ किलोमीटर लांबीचा भराव घालावा लागेल. नदीकाठी गाव वसलेले असेल, स्टेशन जवळच असेल, तर एवढी जागा आणायची कोठून? म्हणून सखल प्रदेशात रेल्वेने ठेंगणा, पण हलणारा पूल पसंत केला.

तराजूसारखा पूल

हलत्या पुलांचे मुख्य प्रकार तीन. एक, मधल्या खांबाभोवती आडवा फिरणारा. दुसरा, दोन मनोऱ्यांच्या मधून लिफ्टप्रमाणे सरळ वर जाणारा. तिसरा, एका टोकाशी बिजागरी असल्याप्रमाणे उभा होणारा. या तिसऱ्या प्रकाराला ‘बॅस्क्यूल’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ सी-सॉ, म्हणजे बागेतील वरखाली होणारी फळी.

शंभर टनांचा पूल उचलायला प्रचंड मोटार लागत असेल, असे तुम्हाला वाटेल. पण बॅस्क्यूल पुलाच्या मागच्या, आखूड बाजूला काँक्रीटचे किंवा लोखंडाचे अवजड वजन बसवलेले असते. आपल्याकडच्या जुन्या फाटकाच्या दांड्याच्या मागच्या टोकाला लोखंडी वजन असते ना, तसेच.

एक हिशेब करून पाहा. पुलाच्या हलत्या भागाचे वजन १०० टन आणि त्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून १० मीटरवर आहे, असे समजा. त्याचे आघूर्ण १०० × १० = १००० टन-मीटर. मागच्या बाजूला टेकूपासून ४ मीटरवर २५० टनांचे वजन ठेवले, तर त्याचेही आघूर्ण २५० × ४ = १००० टन-मीटर. तराजू समतोल!

पूल ६० अंशांनी उचलल्यावर काय होईल? दोन्ही वजनांची टेकूपासूनची आडवी अंतरे निम्मी होतील, म्हणजे ५ मीटर आणि २ मीटर. आघूर्णे ५०० आणि ५००. तराजू अजूनही समतोलच आहे. म्हणून मोटारीला पुलाचे वजन पेलावे लागत नाही. तिला झगडावे लागते ते बेअरिंगमधील घर्षणाशी आणि वाऱ्याशी. वारा मात्र क्षुल्लक समजू नका. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन बल लावतो. उभ्या पुलाचा १०० चौरस मीटर भाग वाऱ्यासमोर आला, तर हे बल २४,००० न्यूटन होते; जवळजवळ अडीच टन वजनाइतके.

सारांश, पूलवाल्याच्या हातांचे काम मोटारीने सहज घेतले. हात बदलणे हे सर्वांत सोपे होते. अवघड होते ते पुढचे.

पूलवाला काय काय करत असे?

त्याच्या कामांची यादी करू. गाडी येत असल्याची खबर तो ठेवत असे. बोटींना भोंगा आणि दिवे यांनी सावध करत असे. पुलाखाली कोणी अडकले नाही ना, हे डोळ्यांनी पाहत असे. पूल खाली आणून त्याचे टोक नेमके बसले का आणि अडसर लागला का, याची खात्री करत असे. मगच गाडीला हिरवा दिवा मिळे. याशिवाय एक काम कोणत्याही यादीत नसे. काहीतरी नेहमीसारखे नाही, हे त्याला जाणवत असे.

आता ही कामे यंत्राकडे कशी गेली, याचे एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू.

स्टुअर्टचा पूल

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात स्टुअर्ट नावाचे गाव आहे. तेथे सेंट लूसी नदीवर फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेचा एकेरी मार्गाचा बॅस्क्यूल पूल आहे. ही नदी ओकीचोबी जलमार्गाचा भाग आहे. अटलांटिक महासागराकडून मेक्सिकोच्या आखाताकडे फ्लोरिडाच्या पोटातून जाणारा हा मार्ग असल्याने येथे बोटींची वर्दळ मोठी. अमेरिकेत जलमार्गांवरील हलते पूल कसे चालवावेत, याचे नियम तटरक्षक दल ठरवते. स्टुअर्टच्या पुलावर सतत माणूस नसेल, हे नियमातच लिहिलेले होते. अनेक वर्षे त्याचा कारभार असा चालला:

एरवी पूल पूर्ण उघडा, म्हणजे उभा राही आणि बोटींसाठी हिरवे दिवे लुकलुकत. गाडी जवळ येऊ लागली की दिवे लाल होऊन लुकलुकत. भोंगा चार वेळा वाजे, थांबे, पुन्हा चार वेळा वाजे. आठ मिनिटे गेल्यावर पूल खाली येई आणि त्याचा अडसर लागे. पण केव्हा, तर पुलाखाली काही नाही, असा कौल तेथील शोधक यंत्रणेने दिला तरच! मग आठ मिनिटे किंवा रुळांवर गाडी असेपर्यंत पूल खाली राही. गाडी निघून गेली की पूल पुन्हा उभा आणि दिवे पुन्हा हिरवे.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. येथे नेहमीची स्थिती ‘पाण्याची वाट मोकळी’ ही होती. फाटकापाशी गाडीचा मान पहिला असतो. येथे गाडी ही पाहुणी होती. नदी आधीची, रेल्वे नंतरची, असा हा न्याय.

रुळांतून वाहणारा प्रवाह

पुलावर कोणीच नसताना गाडी आल्याचे पुलाला कसे कळते? त्यासाठी ट्रॅक सर्किट नावाची फार साधी युक्ती वापरतात. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली तिचे पेटंट घेतले. तीच युक्ती आजही जगभर, आपल्या रेल्वेतही, वापरली जाते.

रुळांचा एक तुकडा शेजारच्या रुळांपासून विद्युत्‌रोधक सांध्याने वेगळा करतात. त्याच्या एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे एक विद्युत्चुंबक जोडतात. एका रुळातून प्रवाह जातो, रिलेमधून वळतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. विद्युत्चुंबक लोखंडी पट्टी वर ओढून धरतो आणि हिरव्या दिव्याची वाट जोडलेली राहते. गाडी आली की तिची पोलादी चाके आणि आस यांमधून प्रवाहाला जवळची वाट मिळते. रिलेकडे जाणारा प्रवाह जवळजवळ संपतो. पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि दिवा लाल होतो.

यातली खुबी ओळखा. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ मोडला, तरी पट्टी पडते आणि दिवा लालच होतो. म्हणजे यंत्रणा बिघडली तर ‘थांबा’ असे सांगूनच बिघडते. ‘जा’ म्हणण्यासाठी प्रवाह लागतो. ‘थांबा’ म्हणण्यासाठी गुरुत्वाकर्षण पुरते, आणि गुरुत्वाकर्षण कधी बंद पडत नाही!

पुलावर याच तत्त्वाचा विस्तार केलेला असतो. पूल पूर्ण खाली टेकला की एक स्विच जोडला जातो. अडसराची दांडी पूर्ण आत गेली की दुसरा. रुळांची टोके समोरासमोर बसली की तिसरा. हे सगळे स्विच एकसर जोडणीत असतात. दिवाळीतील जुन्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला तरी सगळी माळ विझते, तसेच हे. एकही स्विच जोडला गेला नाही, तर गाडीला हिरवा दिवा मिळत नाही. उलट, एकदा गाडीला हिरवा दिवा मिळाला, की ती पार होईपर्यंत अडसर मागे घेता येत नाही. याला ‘इंटरलॉकिंग’ म्हणतात.

करून पाहा

दोन सेल (मिळून ३ व्होल्ट), टॉर्चचे जुन्या पद्धतीचे दोन छोटे दिवे, स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलच्या दोन लांब पट्ट्या, पुठ्ठा आणि तारा घ्या. पुठ्ठ्यावर दोन पट्ट्या रुळांसारख्या समांतर चिकटवा. मधला थोडा भाग मात्र न चिकटवता मोकळा ठेवा. सेलचे एक टोक ‘अ’ या दिव्यातून पहिल्या पट्टीला आणि दुसरे टोक थेट दुसऱ्या पट्टीला जोडा. पट्ट्यांच्या दूरच्या टोकाशी, दोहोंच्या मध्ये ‘ब’ हा दिवा जोडा. दोन्ही दिवे मंद लागतील. ‘ब’ हा आपला रिले.

पहिला प्रयोग: दोन्ही पट्ट्यांवर एक धातूची पट्टी आडवी ठेवा. ‘ब’ विझेल आणि ‘अ’ अधिक उजळेल. गाडी आली! ‘अ’ दिवा गाळून हा प्रयोग करू नका. तो नसेल तर सेल थेट जोडले जाऊन तापतील.

दुसरा प्रयोग: आडवी पट्टी काढा आणि एका रुळाची फॉइल कात्रीने कापा. दोन्ही दिवे विझतील. रूळ मोडल्याचे ‘ब’ला कळले.

तिसरा प्रयोग: कापलेली फॉइल बदला. आता मोकळ्या भागातील फॉइल न फाडता बोटाने बाजूला सरकवा, म्हणजे रूळ वाकडा होईल. ‘ब’कडे पाहा. तो लागलेलाच आहे! हा तिसरा प्रयोग लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आठ मिनिटे कशासाठी?

पूल खाली यायला आठ मिनिटे लागत नाहीत. मग स्टुअर्टला एवढा वेळ का ठेवला? याचे उत्तर गाडी आणि बोट यांच्या थांबण्यात आहे.

२००० टनांची मालगाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने येत आहे. तिची गतिज ऊर्जा ½mv² या सूत्राने ४० कोटी जूल होते. ब्रेकमुळे दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला ०.२ मीटरने कमी होतो, असे धरू. v² = 2as यावरून थांबायला तिला १००० मीटर लागतील. म्हणजे पूल नीट बसला आहे की नाही, हे चालकाला पुलापाशी कळून उपयोग नाही. निदान एक किलोमीटर आधी कळायला हवे.

बोटीची गोष्ट याहून निराळी. गाडीला निदान ब्रेक असतात. बोटीला तेही नाहीत. ताशी ६ किलोमीटर वेगाची बोट मिनिटाला १०० मीटर जाते, म्हणजे आठ मिनिटांत ८०० मीटर. पुलाखाली पोहोचत आलेली बोट तेवढ्या वेळात पलीकडे निघून जाते आणि दूरची बोट वळून मागे फिरू शकते. इंजिन बंद केले तरी बोट थांबत नाही. ताशी २ किलोमीटरचा प्रवाहदेखील तिला आठ मिनिटांत सुमारे २७० मीटर पुलाकडे वाहून नेतो. आठ मिनिटे ही या संथ वाहनासाठी दिलेली सवड आहे.

या सवडीची किंमत रेल्वेला मोजावी लागते. ७२ किलोमीटर वेगाची गाडी आठ मिनिटांत ९.६ किलोमीटर कापते. त्यात पूल उतरण्याचा वेळ आणि थांबण्याचे अंतर मिळवा. म्हणजे गाडी दहा-बारा किलोमीटर दूर असतानाच पुलाला निरोप पोहोचायला हवा. मोजक्या मालगाड्या असतील तर हे चालून जाते. गाड्या वाढल्या, की हीच आठ मिनिटे बोटवाल्यांना डाचू लागतात.

लाल दिव्यावर विश्वास न ठेवल्याने

न्यू जर्सी राज्यात पॉल्सबरो येथे मँटुआ नावाच्या खाडीवर रेल्वेचा आडवा फिरणारा पूल होता. त्यावरही पूलवाला नव्हता. पुलाजवळ आल्यावर इंजिनातील कर्मचारी रेडिओच्या बटणांवरून संकेत पाठवत. पूल जुळला आणि अडसर लागला की गाडीला हिरवा दिवा मिळे.

३० नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी सातच्या सुमारास २ इंजिने आणि ८२ डब्यांची मालगाडी तेथे आली. कर्मचाऱ्यांनी पुन्हा पुन्हा संकेत पाठवला. दिवा लालच राहिला. अखेर कंडक्टर खाली उतरला आणि पुलावर जाऊन पाहून आला. अडसर लागला आहे, असे त्याला वाटले. दूरच्या नियंत्रकाने लाल दिवा ओलांडण्याची परवानगी दिली. इंजिने आणि पहिले पाच डबे पार गेले. मग चाकांखालचा पूल फिरला. सात डबे घसरले आणि त्यांतील चार टाक्यांचे डबे खाडीत कलंडले. एक टाकी फुटून सुमारे २०,००० गॅलन, म्हणजे ७५,००० लिटर व्हिनाइल क्लोराइड हे विषारी रसायन बाहेर पडले. आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली.

चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. अडसर पूर्ण आत गेलेले नव्हते. लाल दिवा खरेच सांगत होता. असा पूल कसा तपासावा, याचे पुरेसे शिक्षण कर्मचाऱ्यांना दिलेले नव्हते. शिवाय पुलाचे बिघाड दिवसेंदिवस वाढत असतानाही तो तसाच वापरात ठेवला होता, असा ठपका मंडळाने ठेवला.

येथे फार शिकण्यासारखे आहे. रोज नजर ठेवणारा पूलवाला असता, तर अडसर किती आत गेला म्हणजे पुरे, हे त्याला ठाऊक असते. त्याला काढून टाकले आणि ते ज्ञान मात्र दुसऱ्या कोणाला दिले नाही. यंत्र वारंवार बिघडू लागले, की त्याच्या ‘नाही’ची माणसाला सवय होते. मग खरा ‘नाही’सुद्धा खोटा वाटू लागतो.

तारेला न दिसलेली गोष्ट

म्हणजे यंत्राचे नेहमी ऐकावे, असा नियम करायचा का? थांबा, आता तुमचा तिसरा प्रयोग आठवा.

अलाबामा राज्यात मोबील शहराजवळ बिग बायू कॅनो या पाण्यावर रेल्वेचा एक पूल होता. तो हलता पूल नव्हता. पण पुढेमागे फिरता करता यावा, अशा रीतीने त्याचा एक भाग बांधलेला होता आणि तो बाजूला सरकू नये म्हणून पक्का जखडलेला नव्हता. २२ सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, दाट धुक्यात तराफे ढकलणारी एक बोट वाट चुकून या पाण्यात शिरली. तिचा एक तराफा पुलावर आदळला आणि पुलाचा तो भाग सुमारे एक मीटर बाजूला सरकला.

त्यावरील रूळ वाकले. पण तुटले नाहीत. ट्रॅक सर्किटमधला प्रवाह अखंड राहिला. रिलेची पट्टी वरच राहिली आणि दिवा हिरवा राहिला. काही मिनिटांतच ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने ‘सनसेट लिमिटेड’ ही प्रवासी गाडी त्या पुलावर आली. या अपघातात ४७ माणसे मृत्युमुखी पडली.

यंत्र बिघडले होते का? मुळीच नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे त्याने अचूक उत्तर दिले. ‘रुळांतून प्रवाह वाहतो का?’ – ‘हो.’ पण ‘रूळ सरळ आहे का?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नव्हता. प्रवाहाला वाकडी वाट आणि सरळ वाट सारखीच.

पॉल्सबरोला माणसाने यंत्राचे ऐकले नाही. कॅनोला यंत्राला विचारायचेच राहून गेले. दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच. दिवा हिरवा असो की लाल, तो नेमके काय पाहून तसा झाला आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचा खरा अर्थ लागत नाही.

डोळे दूर नेले तर?

मग पुलावर कॅमेरे लावून दूरवर बसलेल्या माणसाला पाहू दिले तर? हाच मार्ग पुष्कळ ठिकाणी अवलंबतात आणि तो उपयोगी आहेच. एक माणूस अनेक पूल सांभाळू शकतो. पण कॅमेऱ्याची चौकट ठरलेली असते. मिलवॉकी शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये दूरनियंत्रित रस्त्याच्या पुलावर एक वृद्ध पादचारी असतानाच पूल उचलला गेला आणि त्याचा बळी गेला. कॅमेरे होते, पाहणारा माणूसही होता. तरी तो पादचारी त्याच्या ध्यानात आला नाही. पुलापाशी बसलेल्या माणसाला मान वळवता येते, हाक ऐकू येते आणि हाक मारताही येते.

म्हणूनच काही ठिकाणी उलटा प्रवास झालेला दिसतो. फ्लोरिडातच फोर्ट लॉडरडेल येथे न्यू रिव्हरवरचा रेल्वेपूल खाली असताना भरतीच्या पाण्यापासून अवघा सव्वा मीटर उंच असतो. जवळजवळ प्रत्येक बोटीला तो म्हणजे भिंतच. तटरक्षक दलाने तेथे सतत पूलवाला असावा, त्याने रेडिओवरून बोटींशी बोलावे, पूल उघडायला किती वेळ उरला ते बोटींना दिसेल असे दाखवावे आणि दर १२० मिनिटांत मिळून ६० मिनिटांपेक्षा अधिक काळ पूल बंद नसावा, असे नियम केले. सप्टेंबर २०२३ मध्ये मायामीहून ऑर्लँडोला जाणाऱ्या वेगवान प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि स्टुअर्टच्या पुलावरची गर्दी एकदम वाढली. तेव्हा तेथेही ठराविक वेळा आणि पुलावर माणूस अशी तात्पुरती व्यवस्था करून पाहण्यात आली. म्हणजे मोटार, रिले, किरणे सगळे जागच्या जागी आणि त्यांच्या जोडीला बोलणारा माणूस!

आपल्या देशातही असा पूल आहे. तमिळनाडूत रामेश्वर बेटाला जोडणाऱ्या पांबनच्या जुन्या रेल्वेपुलाचा उघडणारा भाग १९१४ पासून माणसे हाताने दांडे फिरवून उचलत असत. तेथे वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला, की वेगमापकाला जोडलेला सिग्नल आपोआप लाल होई. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याच्या शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. त्याचा ७२.५ मीटर लांबीचा भाग विजेच्या मोटारींनी सरळ १७ मीटर वर उचलला जातो. हातांचे काम गेले. नजर ठेवण्याचे काम मात्र शिल्लक आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या ओळखीचे एखादे आपोआप चालणारे यंत्र निवडा. इमारतीची लिफ्ट, पाण्याच्या टाकीचा पंप किंवा गावाजवळचे फाटक चालेल. वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात, पूर्वी हे काम करणारा माणूस काय काय पाहत असे, ते लिहा. दुसऱ्यात, त्यातील कोणती गोष्ट आता कोणता स्विच किंवा कोणती तार पाहते, ते लिहा. दुसऱ्या रकान्यात जेथे जागा रिकामी राहील, तेथे बोट ठेवा आणि आपल्या शिक्षकांशी त्याची चर्चा करा. चांगला अभियंता नवे यंत्र बसवण्यापूर्वी नेमकी हीच यादी करतो.